सरासरी नेमकी कुणाच्या गच्चीवर पडते?

पाऊस पडो न पडो, पावसावर बोलणारी माणसं इचलकरंजीत बारमाही पडीक असतात. त्यांची तूट कधी जाणवत नाही. जून कोरडा गेला की ती म्हणतात, "आता काय खरं न्हाई." जुलैत सलग झड लागली की तीच माणसं, त्याच बाकड्यावर बसून, तसल्याच अर्ध्या कपाला ओठ लावून म्हणतात, "आता काय खरं न्हाई." जाहीरनामा तोच, फक्त आभाळ बदललेलं. या मंडळींकडे पाऊस मोजायची दोनच मापं आहेत, 'लई पडला' आणि 'काय पडलाच न्हाई'. पहिलं माप छत्री विसरलेल्याचं आणि दुसरं छत्री घेऊन गेलेल्याचं.

अशा गावात आकड्यावर जीव जडलेल्या माणसाचं कसं व्हायचं? मी उभी हयात सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगमध्ये दिवाणजी म्हणून काढली. सूत किती आलं, खळ किती गेली, बीम किती भरले, घट किती धरायची, हे सगळं जुळल्याशिवाय रात्री जेवण उतरत नसे. निवृत्तीनंतर जुळवायला काही उरलं नाही. मन रिकामं, हात रिकामे, आणि घरच्या हिशेबाला हात लावायची परवानगी नाही. एका पावसाळ्यात पेपरमधल्या एका छोट्या चौकटीवर नजर पडली आणि पुढची सगळी दैना सुरू झाली.

आमच्याकडच्या पेपरांत पावसाळ्यात ही चौकट रोज असते. तालुक्याचं नाव, चोवीस तासांतला पाऊस आणि कंसात एक जूनपासूनचा एकूण. हातकणंगले, शिरोळ, पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, करवीर, कागल, गडहिंग्लज, भुदरगड, आजरा, चंदगड. बारा तालुके, बारा तऱ्हा. लोक मथळा वाचतात, मी कंस वाचू लागलो. गगनबावड्याचा कंस जुलैतच उसवायला येतो. शिरोळचा कंस सप्टेंबर संपला तरी अंगाला ढगळा. वर्षाकाठी गगनबावड्यात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि शिरोळात पाचशेच्या आसपास. एकाच जिल्हाधिकाऱ्यांच्या हद्दीत सरळ दहापट फरक! आणि अशा बारा जणांची मोट बांधून महिनाअखेरीला छापतात 'जिल्ह्यात सरासरीच्या इतके टक्के पाऊस'. ही सरासरी शिरोळला ओळखत नाही, गगनबावडा तिला ओळखत नाही. तरी ती दरवर्षी येते, मानाच्या पाहुण्यासारखी पहिल्या पानावर बसते आणि कुणाच्याही घरी न जेवता परत जाते.

शेजारचे अण्णा निवृत्त तलाठी. पाऊस हा त्यांच्या मते महसूल खात्याचा विषय, त्यात खासगी माणसानं नाक खुपसू नये. मी त्यांना म्हटलं, "अण्णा, पेपरात तालुक्याचा पाऊस सरासरीएवढा दिलाय आणि आपल्या गल्लीत तर धूळ उडतीय."

"तालुका म्हंजे तुमची गल्ली न्हवं, दिवाणजी. पाऊस महसूल मंडळात मोजत्यात."

"मग गल्लीचा कोण मोजतो?"

"गल्लीत पाऊस पडतो का नाही, तेच आधी ठरवा."

झालं. गल्लीचा पाऊस मोजायचा आणि तो महिन्याच्या महिन्याला सरासरीशी ताडून बघायचा, असं मी त्याच क्षणी ठरवून टाकलं.

आधी शास्त्र समजून घ्यायला बसलो. तिथंच दिवाणजीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. भारतीय हवामान विभाग १८७५ सालचा. म्हणजे इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला त्याच्या एकोणतीस वर्षं आधीपासून ही मंडळी हिशेब लिहितायत. त्यांचं मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आणि चौकाला पुणेकर अजून 'सिमला ऑफिस'च म्हणतात. एवढ्या जुन्या पेढीचे नियम कडक असणार, ही माझी अपेक्षा. तर नियम असा की, जिल्ह्याचा पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्क्यांपर्यंत कमी किंवा जास्त असला तरी तो 'सामान्य'. २० ते ५९ टक्के जास्त झाला की 'जास्त', ६०च्या पुढे 'खूप जास्त'. उलट बाजूला तसंच, 'कमी' आणि 'खूप कमी'.

मी दोनदा वाचलं. शंभरच्या जागी एक्क्याऐंशी पडला तरी खातं सामान्य! आमच्या सायझिंगनं शंभर किलो सुतापोटी एक्क्याऐंशी किलोचे बीम भरून दिले असते आणि 'सामान्य आहे' असं चिठ्ठीवर लिहिलं असतं, तर मागवाल्यानं मला त्याच बिमाला गुंडाळून परत धाडलं असतं. पण आभाळाला कोण गुंडाळणार?

अख्ख्या देशाच्या पावसाळ्याला मात्र एवढी सूट नाही. तिथं ९६ ते १०४ टक्के म्हणजे सामान्य. याचं कारण सोपं आहे. देश मोठा असला की चेरापुंजीची चूक जैसलमेर भरून काढतं. गल्लीला असा कुणी भाऊबंद नसतो.

आणखी एक गंमत सापडली. ज्या सरासरीशी तुलना करायची, ती सरासरीही एका जागी बसत नाही. देशाच्या जून ते सप्टेंबरच्या पावसाची सरासरी १९५१ ते २००० या वर्षांवरून काढली तेव्हा ८९ सेंटिमीटर होती. १९६१ ते २०१० वरून काढली तर ८८. आता १९७१ ते २०२० वरून ८७. म्हणजे पाऊस तेवढाच पडला तरी टक्केवारी आपोआप वाढते. मी हे अण्णांना उत्साहानं सांगितलं. अण्णा म्हणाले, "बेस हाय की. माप जरा बारीक केलं की पीक वाढतंय. आमच्या खात्यात ही युक्ती लई जुनी."

आता पर्जन्यमापक आला. साधंच यंत्र आहे. वर नरसाळं, खाली बाटली, शेजारी मिलिमीटरच्या खुणा केलेली काचेची नळी. ही घरी म्हणाली, "काय आणलंय हे? रॉकेल मोजायचं?" मी म्हटलं, "अगं, पाऊस मोजायचं. चाणक्यसुद्धा मोजत होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लिहिलंय, कोठाराच्या दारात हातभर तोंडाचं भांडं ठेवून पाऊस मोजावा. कुठल्या प्रदेशात किती द्रोण पडतो, तेपण दिलंय."

"त्याच्या बायकोनं काय लिहून ठेवलंय का त्यावर?"

या प्रश्नाचं उत्तर अर्थशास्त्रात नाही.

नियम सांगतो, पर्जन्यमापक मोकळ्या जागी ठेवावा आणि जवळची कुठलीही वस्तू तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर असावी. आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी, डिशची थाळी, शेजाऱ्यांच्या नारळाची झावळी, कपड्यांच्या दोऱ्या आणि उन्हाळाभर सांडगे. या सगळ्यांपासून दुप्पट अंतर मोजत गेलो तर जागा निघाली ती समोरच्या मागाच्या शेडवर. शेवटी टाकी आणि नारळ यांच्यात तह करून एका कोपऱ्यात यंत्राची स्थापना केली. पुढं जे घडलं त्याला नियमांची पुस्तकं जबाबदार नाहीत. इचलकरंजी जबाबदार आहे.

पहिलाच मोठा पाऊस रात्रभर कोसळला. पहाटेपर्यंत पत्र्यावर ताशा वाजत होता. सकाळी मी विजयी मुद्रेनं गच्चीवर गेलो तर बाटली कोरडी ठणठणीत! नरसाळ्याच्या तोंडाशी मागाच्या शेडमधून उडून आलेलं तूस साचून त्याची चांगली जाड गादी झाली होती. पाऊस नरसाळ्यात पडला, गादीवर निजला आणि काठावरून उतरून गेला. जगातल्या इतर वेधशाळांना पक्षी, पानं, किडे यांचा त्रास होत असेल. कापूस अडकून अतिवृष्टी बुडवणारी वेधशाळा बहुधा महाराष्ट्राच्या मँचेस्टरमध्येच निघायची. गल्लीत घोट्याएवढं पाणी आणि माझ्या वहीत शून्य. अण्णांनी वही मागून घेतली, चष्मा लावला आणि प्रेमानं म्हणाले, "शून्य न्हाई लिवायचं. 'निरंक' लिवा. शोभून दिसतं."

मग साडेआठचं प्रकरण. देशभर पाऊस सकाळी साडेआठला मोजतात. आदल्या सकाळच्या साडेआठपासून आज साडेआठपर्यंतचा पाऊस, आणि तो आजच्या तारखेला लिहायचा. कागदावर हे फार सरळ आहे. घरात नाही. एके दिवशी दुपारी वळवाची सर आली आणि हिचे पापड भिजले. दुसऱ्या दिवशी मी वहीत नोंद केली तेव्हा ही मागं उभी.

"पाऊस काल दुपारी आला. माझे पापड काल भिजले."

"नोंदीप्रमाणे आज भिजले."

"मग आज सुकवलेले कधीचे?"

त्या दिवशी माझी भाजी 'नोंदीप्रमाणे उद्या' मिळणार होती.

साडेआठला घरात दुसरंही काही तरी असतंच. दूध उतू जातं, नात शाळेच्या रिक्षासाठी बूट शोधत असते, गॅसवाला हाक मारतो. आणि ज्या दिवशी नळाला पाणी यायचं त्या दिवशी साडेआठला गच्चीवर जाणं म्हणजे रणांगण सोडून पळणं. आमच्याकडे नळाचं पाणी रोज येत नाही. पंचगंगा उशाला, कृष्णा पायथ्याशी आणि दूधगंगेच्या पाण्यासाठी आंदोलनं, अशी या गावाची पाण्याची कुंडली. त्यामुळे पाणी आलं की सगळी गल्ली एकदम मोटारी सुरू करते. एकदा भर मे महिन्यात, आभाळ निरभ्र, उन्हानं डांबर पाघळतंय, आणि माझ्या बाटलीत काठोकाठ पाणी. टाकी भरून वाहिली होती आणि पाइपचं तोंड नेमकं पर्जन्यमापकाकडे होतं. मोजलं तर ६५ मिलिमीटरच्या वर.

मी धावत अण्णांकडे. "अण्णा, चोवीस तासांत ६५ मिलिमीटर म्हणजे अतिवृष्टी ना?"

"व्हय. मंडळात ६५च्या वर गेला की अतिवृष्टी."

"आमच्या गच्चीवर झाली."

अण्णांनी वर पाहिलं. कडक निळं आभाळ. मग माझ्याकडे पाहिलं. "पंचनामा करायचा का?" ते शांतपणे म्हणाले. "नुकसान काय काय झालंय? डोक्यापासनं सांगा."

रंगपंचमीला नातीनं आणि तिच्या मैत्रिणींनी यंत्रात पिचकारी रिकामी केली. दिवाणजीचा धर्म म्हणून मी तीही नोंद केली, 'हलका पाऊस, रंग गुलाबी'. जावईबापूंच्या घरच्या सावडण्याच्या विधीला गेलो होतो तेव्हा साडेआठ वाजता बाजूला होऊन हळूच घरी फोन लावला. माझा खालचा आवाज आणि "किती झाला?" हा प्रश्न ऐकून शेजारी उभ्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "धीर धरा, दिवाणजी. जाणारा माणूस गेला. खर्चाचं नंतर बघू."

महिनाअखेर आली की खरा सोहळा. महिन्याची बेरीज करायची, पलीकडे सरासरी लिहायची आणि मधे टक्के. पण एका गच्चीचा पुरावा कोण मानणार? म्हणून मी आकडेप्रेमींचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट केला. गावभाग, जवाहरनगर, शहापूर, कबनूर आणि यड्राव, सगळीकडून माणसं मिळाली. कुणाकडे विकतचं यंत्र, कुणाकडे घरी केलेलं, एकाकडे तर नुसती बादली. शहाण्यानं तिथंच थांबावं. पण आकड्याची नशा वाईट.

गटात रोज साडेआठनंतर आकडे पडू लागले आणि मानवी स्वभावाच्या ढगफुटीचा अनुभव आला. गावभागवाले नदीकाठचे, त्यांना आपला पाऊस सगळ्यांत जास्त असावा असं वाटे. कबनूरवाले नेहमी म्हणत, "आमच्याकडं त्याच्याहून जास्त, पण मोजायला उशीर झाला." बादलीवाले 'अर्धी बादली' असं टाकत आणि बादलीचा व्यास कधीच सांगत नसत. एका गृहस्थांचा आकडा तर आधी टाकलेल्या सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा कायम दोन मिलिमीटरनं जास्त येई. मी १८ टाकले की ते २०. कुणी २२ टाकले की ते २४. एकदा मी मुद्दाम कोरड्या दिवशी ७ टाकले. दहा मिनिटांत त्यांचे ९ आले, सोबत 'मस्त गार झालंय' आणि पावसात नाचणारी बेडकी. थोरात चौकातल्या भाजीच्या लिलावातही इतकी शिस्तबद्ध बोली लागत नाही.

तरी आम्ही सगळ्यांची सरासरी काढली. एकाच दिवशी एका टोकाला धो धो आणि दुसऱ्या टोकाला शिडकावा. बेरीज केली, भागाकार केला, आकडा निघाला. तो आकडा गटातल्या एकाच्याही गच्चीवर पडला नव्हता. तेवढ्यावर समाधान मानावं तर गावभागवाले गट सोडून गेले. त्यांचा पाऊस इतरांत वाटून टाकला, ही त्यांची तक्रार.

गटात एक जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती-देखभाल बघणारा, होता. तो कधी आकडा टाकत नसे. मी त्याला खासगीत विचारलं तर म्हणाला, "दिवाणजी, पाऊस किती पडला त्याच्याशी मला काय करायचंय? हवेत ओल हाय का न्हाई ते सांगा. फेब्रुवारी-मार्चात वारं कोरडं सुटलं की तार तुटून जीव जातोय. मागाला सरासरी ओल पायजे, तीबी शेडमधी, बाहेर न्हाई." सायझिंगवाल्या जुन्या मालकांना विचारलं तर त्यांना बॉयलरचं लाकूड भिजू नये एवढाच पाऊस हवा. शिरोळकडच्या पाहुण्यांना उसाला हवा, पण सोयाबीन काढायला आल्यावर नको. हिला पापडानंतर हवा. नातीला शाळा सुटताना नको आणि शाळा भरायच्या वेळी इतका हवा की सुट्टीच मिळावी. प्रत्येकाचा पाऊस मोजून-मापून ठरलेला आहे. फक्त तो पाडणाऱ्याला अजून कुणी कळवलेलं नाही.

गावभागातल्या एका आजीबाईंकडे वेगळीच वही आहे, डोक्यातली. मृग सात-आठ जूनला निघतो. पुढे आर्द्रा. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा. मघा-पूर्वात सासू-सुनांचे पाऊस. प्रत्येक नक्षत्राला वाहन. बेडूक, म्हैस, हत्ती आला की चांगला पडणार. मी आजींना म्हटलं, "आजी, यंदा म्हातारा पाऊस सरासरीच्या सत्तर टक्केच झाला."

आजी म्हणाल्या, "म्हाताऱ्याकडनं किती धरतोस बाबा? सत्तर लई झालं की." आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून त्यांनी विषय संपवला.

आजींच्या पद्धतीत मोठी सोय आहे. तिथं आकडा नाही, त्यामुळे चूकही नाही. हत्तीवरून आलेला पाऊस पडला नाही, तर हत्ती वाटेत उसात शिरला असं म्हणता येतं.

आमच्या पद्धतीत मात्र तारखेला फार मान. २०२५ साली मॉन्सून २४ मेलाच केरळात पोहोचला आणि २६ मेला मुंबईत. आमच्याकडेही मेअखेर छत्र्या निघाल्या, शेतात वाफसा मिळेना, पेरणीवाले हवालदिल. पण पावसाळ्याचं खातं उघडतं एक जूनला. त्यामुळे मेमध्ये आलेला सगळा पाऊस उन्हाळ्याच्या खात्यात जमा! जूनमध्ये तो थोडा दमला तर पेपरात पावसाची ओढ, आणि शेतात अजून चिखल. एकतीस मार्चला आलेला चेक एक एप्रिलला वटला की काय गोंधळ होतो, हे ज्यानं आयुष्यभर निस्तरलंय त्यालाच याची मजा कळेल. जॉबर म्हणाला, "मग मेमधी भिजलो ती कोण होतो आम्ही?" मी म्हटलं, "मॉन्सूनपूर्व."

पण सगळ्यांत मोठी चेष्टा नदी करते. पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी, आणि पाचवी सरस्वती गुप्त. पाऊस पडतो राधानगरीत, गगनबावड्यात, शाहूवाडीत. माझ्या गच्चीवर पाच मिलिमीटर, आकाशात ऊन, दोरीवर कपडे खडखडीत, आणि नदीवेशीला पाणी चढत असतं. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, एकेकातून १,४२८ क्युसेक पाणी सुटतं. पावसाळ्यात आमच्याकडे लोक एकमेकांना 'जेवलास का' विचारत नाहीत, 'दरवाजं किती उघडलं' विचारतात. त्याच्या पाठोपाठ कर्नाटकातल्या धरणाची चौकशी, 'अलमट्टीतनं किती सोडलं'. गच्चीवरचा पाऊस सरासरीच्या निम्मा आणि अण्णांचे मेहुणे कुटुंबासह आमच्या माडीवर मुक्कामाला, हे दोन्ही एकाच आठवड्यात खरं असू शकतं.

कोल्हापूरचा माझा मावसभाऊ अशा वेळी रोज फोन करतो. त्याच्याकडे राजाराम बंधाऱ्याचं माप. ३९ फुटांना इशारा, ४३ला धोका. आमच्याकडे त्याच नदीला ६८ फुटांना इशारा आणि ७१ला धोका.

"आमच्याकडं त्रेचाळीसला डेंजर," तो म्हणाला.

"आमच्याकडं एकसष्ट झालंय, अजून कुणी चहा खाली ठेवला नाही."

"तुमची नदी खोल हाय का तुमची माणसं?"

कारण साधंच आहे. ज्या त्या ठिकाणच्या मोजपट्टीचा शून्य ज्या त्या जागी. पण इचलकरंजीकरांना हा खुलासा पसंत नाही. ७१ फुटांपर्यंत न घाबरणारं गाव अशी आमची ख्याती होत असेल तर ती कशाला मोडायची?

२०१९ची गोष्ट तर महिनावार सरासरी मोजणाऱ्यांच्या तोंडावर मारलेली. त्या जूनमध्ये देशभरात सरासरीपेक्षा एक तृतीयांश पाऊस कमी होता. दुष्काळाच्या गप्पा सुरू झाल्या होत्या. ऑगस्टच्या सुरुवातीला पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ओलांडले आणि कोल्हापूर-सांगलीत बोटी फिरू लागल्या. ऑगस्टनं जूनची उधारी व्याजासकट फेडली. सप्टेंबरअखेर देशाचा हिशेब जाहीर झाला, सरासरीच्या ११० टक्के. शंभराला दहा जास्त! आमचे बुडालेले माग, भिजलेलं सूत, माळ्यावर काढलेल्या रात्री, सगळं त्या दहात बसलं. दिवाणजी म्हणून सांगतो, इतकी स्वच्छ वही मी जन्मात ठेवली नाही. २०२३ला उलटं झालं. देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट, सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. हंगामअखेरचा आकडा? ९४ टक्के. रडायला गेलो तर चार-सहा टक्क्यांसाठी कोण रुमाल काढणार?

एवढं सगळं झाल्यावर एका संध्याकाळी अण्णांनी ठेवणीतला बाण काढला. "तुमच्या आकड्यात दम न्हाई, दिवाणजी. आमच्या वेळचा पाऊस बघायला पायजे होता. आठ-आठ दिवस सूर्य न्हाई. बेंदराला कर तोडायला बैल न्यायचं तर चिखलातनं पाय निघायचा न्हाई त्यांचा." त्यांनी वर्षही सांगितलं.

मी वही उघडली नाही. नुसतं विचारलं, "अण्णा, त्या वर्षी तुम्ही नोकरीत होता ना? आणि तुमच्या गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत लावून दुष्काळ जाहीर करायला अहवाल तुम्हीच धाडला होता, असं तुम्हीच सांगितलेलं."

अण्णा जराही डगमगले नाहीत. "ते सरकारी हुतं. आठवण खासगी असती."

माझ्या सगळ्या नोंदींना हे एक वाक्य भारी पडलं. प्रत्येकाच्या डोक्यात एक खासगी वेधशाळा असते आणि तिथली सरासरी काढण्यासाठी एकच वर्ष धरलेलं असतं, ज्या वर्षी आपण दहा वर्षांचे होतो ते. त्या वर्षी पाऊस वेळेवर आला, थंडी गुलाबी होती, आंबे गोड होते आणि उन्हाळा फक्त सुट्टीपुरता होता. पुढची सगळी वर्षं त्याच्याशी ताडून बघायची, म्हणजे तूट येणारच. जागतिक हवामान संघटना सरासरीसाठी तीस वर्षांच्या नोंदी धरते, सध्या १९९१ ते २०२०. आपण एका वर्षाच्या, त्याही भिजलेल्या, आठवणीवर शंभर वर्षांचं हवामान बिघडवतो आणि वर आभाळाला पावती मागतो.

तेव्हा ज्यांच्याकडे गच्ची आहे त्यांना एकच विनंती. पर्जन्यमापक जरूर ठेवा, टाकीपासून लांब ठेवा, रोज नरसाळ्यातलं तूस काढा, साडेआठचा नियम पाळा आणि पापडांच्या तारखेवरून घरात वाद घालू नका. महिना संपला की सरासरीशी खुशाल ताडून बघा. फक्त एवढं करा, शेजाऱ्याचा आकडा बघायच्या आधी आपला लिहून टाका.